हडळीची तक्रार काय आहे?

पत्र: आम्ही सहा जण कॉलेजच्या स्पर्धेसाठी १८ मिनिटांचा भयपट करतोय. लोकेशन ठरलंय, गगनबावडा रोडला एका मित्राच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ. कथा अशी: नवं लग्न झालेलं जोडपं, त्यांचा एक मित्र आणि एक मैत्रीण नवऱ्याच्या घरच्या गुऱ्हाळावर रात्री मुक्कामाला येतात. पूर्वी तिथं उकळत्या काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) पडून एक कामकरी बाई मेलेली असते, तिची हडळ झालीय. आधी मैत्रीण मरते (ती सिगरेट ओढणारी, बिनधास्त आहे). मग हडळ नवरीच्या अंगात शिरते. शेवटी सासू येऊन भंडारा टाकून तिला सोडवते. मैत्रिणीचं काम आमच्याच वर्गातली एक जण करतेय. तिनं पाटाच्या पाण्यात भिजायचा सीन करायला नकार दिला, आणि वर विचारलं, "तुमच्या स्टोरीत बाई एक तर मरते नाहीतर घुमते. तिसरं काही काम नाही का तिला?" तेव्हापासून ग्रुपात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो हॉरर असाच असतो, दुसरा म्हणतो भूतच पुरुषाचं करूया. शूटिंग तीन आठवड्यांवर आलंय. काय करू? – एक दिग्दर्शक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर:

तुमच्या वर्गातल्या मुलीनं काढलेली चूक स्क्रिप्टमधली आहे, त्यामुळं ती स्क्रिप्टमध्येच दुरुस्त होईल. १८ मिनिटं म्हणजे साधारण १८ पानं. त्यातली सहा-सात नव्यानं लिहावी लागतील. तीन आठवडे त्याला पुष्कळ झाले.

दुसऱ्या तटाचा उपाय आधी बाजूला ठेवा. हडळीचा खवीस केलात तरी मैत्रीण तशीच मरेल आणि नवरी तशीच घुमेल. बदलेल फक्त मारणाऱ्याचा मेकअप. शिवाय बाईचं भूत ही आपल्याकडची श्रीमंत गोष्ट आहे, ती टाकून देऊ नका. फक्त तिच्याकडं कधी कुणी नीट लक्ष दिलेलं नाही. आपल्या भुतांची वर्गवारीच बघा ना. गावागणिक तपशील बदलतो, पण ढोबळ हिशेब असा: नवरा जिवंत असताना मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर अळवंतीण. मेल्यावरसुद्धा नोंद नवऱ्याच्या आणि मुलाच्या खात्यावर! वेताळाचं तसं नाही, तो भुतांचा राजा आणि त्याची पालखी निघते. त्याचं लग्न झालं होतं का, हे कुणी विचारत नाही. या सगळ्या यादीत बाईला काय हवं होतं, याचा रकाना कुठंच नाही. तुमची हडळही तशीच आहे. काहिलीत पडली, मेली, आता दिसेल त्याला मारते. का मारते, हे तुमच्या पत्रात नाही, आणि बहुतेक स्क्रिप्टमध्येही नसावं.

म्हणून पहिलं काम कागदावरचं. हडळीचं एक पान लिहा, ती मरायच्या आदल्या दिवसाचं. नाव, वय. गुऱ्हाळावर काय करायची? चुलवाणात चिपाड ढकलायची, मळी काढायची की ढेपा उचलायची? मजुरी तिच्या हातात यायची की नवऱ्याच्या? उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती होती, फिटली होती का, आणि मालकाच्या वहीत काय लिहिलं होतं? ती पडली तेव्हा काहिलीजवळ कोण कोण होतं, आणि पोलिसांना त्यातल्या कुणी काय सांगितलं? हे पान पडद्यावर दिसणार नाही. पण ते लिहिलंत की एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. तुमच्या कथेत दोषी माणूस आधीपासून आहे, तुम्ही त्याला बोलावलंच नाही. गुऱ्हाळ कुणाचं? नवऱ्याच्या घरचं. मग हडळीला मैत्रिणीशी काय देणंघेणं? समजा उचल फिटलेली होती आणि वहीत ती बाकी दाखवली होती, म्हणून त्या बाईला हंगाम संपल्यावरही घरी सोडलं नव्हतं. तर तिला वही हवी आहे. आता ती गुऱ्हाळात काहीतरी शोधते आहे. रात्री कोनाड्यातले कागद हलतात, ट्रंकेचं कुलूप वाजतं, आणि नवरा एकटाच त्या आवाजानं पांढरा पडतो, कारण वही कुठं आहे हे त्याला ठाऊक आहे. भीती आपोआप योग्य माणसाकडं वळली. (मित्राच्या चुलत्यांना हा बदल आधी वाचून दाखवा. गुऱ्हाळमालक खलनायक झालाय हे त्यांना शूटिंगच्या रात्री कळायला नको.)

हे तंत्र कोल्हापूरला परकं नाही. बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' केला. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते साळुंके हे पुरुष नट. पेंटरांनी मात्र बाईच्या भूमिकेत बाईच उभी केली. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. महाभारतातलं ते आख्यान एकदा भयपट म्हणून वाचा. राणीचा भाऊ एका दासीच्या मागं लागलाय आणि सगळा दरबार बघत बसलाय. ती रात्री मुदपाकखान्यात जाऊन भीमाला उठवते, त्याला वधासाठी तयार करते, आणि अंधाऱ्या नृत्यशाळेचा निरोप कीचकाला स्वतः देते. मारतो भीम, पण गोष्ट तीच चालवते. आणि अंधारात हात पुढं करणाऱ्या कीचकाच्या जागी प्रेक्षक बसलेला असतो. बाईच्या अंगावर एक ओरखडा न दाखवता घाम फुटतो.

दुसरं काम मोजणीचं. स्क्रिप्टची प्रिंट काढा आणि प्रत्येक पात्राला एकेक रंगाचं पेन द्या. बायकांची सगळी क्रियापदं अधोरेखित करा. ओरडते, दचकते, पळते, पडते, रडते ही प्रतिक्रिया. ठरवते, विचारते, लपवते, नाकारते, कुलूप उघडते, खोटं बोलते ही कृती. पुरुषांच्या क्रियापदांचंही तेच करा आणि दोन्ही कागद भिंतीला शेजारी चिकटवा. ग्रुपातला वाद त्या भिंतीसमोर उभं राहूनच करा. नवरी ज्या सीनमध्ये आहे त्या प्रत्येकात तिची निदान एक कृती हवी, आणि ती खोडली तर पुढचा सीन कोसळायला हवा. पुढचा सीन तसाच उभा राहिला तर ती कृती वरवरची आहे.

नुसती उपस्थिती मोजून भागत नाही, हे लक्षात घ्या. गीना डेव्हिस इन्स्टिट्यूट आणि गूगल यांनी २०१७ मध्ये गाजलेल्या अमेरिकी चित्रपटांची पाहणी केली. तिच्यात भयपट हा एकच प्रकार असा निघाला की जिथं बायका पुरुषांपेक्षा जास्त वेळ पडद्यावर दिसतात, ५३ टक्के. बोलण्यात मात्र त्यांचा वाटा ४७ टक्क्यांवर घसरतो. तुमच्या कथेत नवरी अंगात आल्यावरचा सगळा वेळ पडद्यावर आहे. तेवढ्या वेळात ती स्वतःची अशी किती वाक्यं बोलते, तेही मोजा.

आता मरणाचा तक्ता. चार रकाने: कोण मरतं, कितव्या मिनिटाला, मरण किती सेकंद दिसतं, आणि मरणाच्या आधीच्या सीनमध्ये ते पात्र काय करत होतं. शेवटच्या दोन रकान्यांत सगळं पितळ उघडं पडतं. कॅरल क्लोव्हर या मूळच्या मध्ययुगीन नॉर्स साहित्याच्या अभ्यासक, पण १९८७ च्या लेखात आणि १९९२ च्या पुस्तकात त्यांनी अमेरिकी खूनपटांची जी चिरफाड केली ती आजही पुढं ठेवून काम करता येतं. त्यांचं एक निरीक्षण असं: पुरुष मरतो तेव्हा झटकन, लांबून किंवा अर्धवट अंधारात मरतो. बाई मरते तेव्हा कॅमेरा जवळ जातो, तपशील वाढतो आणि वेळही वाढतो. तुमच्या तक्त्यात मित्राच्या मरणाला ८ सेकंद आणि मैत्रिणीच्या मरणाला ५० सेकंद असतील, तर ही खोड तुमच्याही हाताला लागलीय असं समजा.

आणि चौथ्या रकान्यात 'सिगरेट ओढत होती' असं असेल तर नैतिकतेचा मुद्दा क्षणभर सोडा, नुसतं भीतीचं गणित बघा. ही सवय १९७८ च्या 'हॅलोविन'पासून प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलीय. प्रियकराबरोबर वेळ घालवलेली मुलगी मरणार आणि अभ्यासू मुलगी वाचणार, हे त्याला पाठ आहे. तुमची मैत्रीण लायटर काढेल तेव्हाच मागच्या रांगेतून आवाज येईल, "ही गेली." आणि पुढची चार मिनिटं कुणीही घाबरणार नाही. सिगरेट ठेवायचीच असेल तर नवरीच्या हातात द्या. सासरच्यांपासून लपून ओढते म्हणून ती रात्री एकटी बाहेर पडते, एवढं कारण पुरतं. शिवाय तिला लपवण्यासारखं काहीतरी मिळालं, म्हणजे एक कृती वाढली.

जी शेवटपर्यंत जगते तिला क्लोव्हर यांनी 'फायनल गर्ल' हे नाव दिलं, आणि अनेकांना वाटतं की तशी एक मुलगी ठेवली की बायकांचा मान राखला गेला. तपासून बघा. 'हॅलोविन'मध्ये नायिका जिवाच्या आकांतानं लढते, पण शेवटी गोळ्या झाडतो डॉक्टरच. १९७४ च्या 'टेक्सास चेन सॉ मॅसॅकर'मध्ये ती वाचते ती रस्त्यानं जाणाऱ्या गाडीमुळं. याउलट १९७९ च्या 'एलियन'मध्ये रिप्ली ही नायिका सुरुवातीलाच नियमावर बोट ठेवून यानाचं दार उघडायला नकार देते. दुसरा कुणीतरी ते उघडतो, आणि पुढचा सगळा अनर्थ त्यातून होतो. तिचं बळ शेवटच्या मारामारीत येत नाही, पहिल्या नकारापासूनच ते दिसतं. त्या पटकथेतली पात्रं बाई किंवा पुरुष कुणीही करू शकेल अशा बेतानं लिहिली होती. तुम्हीही एक संध्याकाळ तसं करून बघा. नवऱ्याचे संवाद नवरीला आणि नवरीचे नवऱ्याला देऊन वाचन करा. जे वाक्य ऐकून सगळे हसतील ते वाक्य साच्यातलं आहे.

शेवटच्या दोन मिनिटांत नवरीच्या हातात कोयता देऊन तिला 'सशक्त' करायचा मोह होईल, तोही टाळा. सोळा मिनिटं रडलेली मुलगी एकदम दुर्गा झाली की टाळ्या मिळतात, पण भीतीचा निकाल लागतो. आणि हडळीला कारण हवं म्हणून तिच्यावर बलात्कार झाला होता, असं घाईघाईनं लिहू नका. सूडासाठी बाईला दुसरं कारणच नसतं, असा समज आपल्या पडद्यानं करून दिलाय. बुडवलेली मजुरी हे कारण लहान नाही.

आता नाकारलेला सीन. त्यात मैत्रीण का भिजते, याचं उत्तर 'तिला एकटं पाडायचं आहे' एवढंच असणार. मग एकटं पाडायचे खरे मार्ग शोधा. गुऱ्हाळावर चार तरुण रात्रभर राहणार, त्यात दोन बायका. बहुतेक गुऱ्हाळांवर संडास नसतो. रात्री दोन वाजता बाईला उसात जावं लागणं आणि कुणाला तरी "जरा उभी राहा गं" म्हणून सोबत नेणं, ही भीती तुमच्या निम्म्या प्रेक्षकांना पाठ आहे आणि उरलेल्या निम्म्यांनी कधी विचारातच घेतलेली नाही. सीन असा बांधा. कॅमेरा मैत्रिणीबरोबर उसात जातच नाही. तो बांधावर, पाठ करून उभ्या असलेल्या नवरीवर थांबतो. तिच्या हातात टॉर्च, तोंड रस्त्याकडं. दोघी बोलताहेत, सासूबद्दल, हनिमूनबद्दल, मोबाइलच्या रेंजबद्दल, काहीही. मैत्रिणीचा फक्त आवाज. पहिली दोन उत्तरं लगेच येतात. तिसऱ्याला एक सेकंद उशीर. चौथ्याला तीन. पाचव्या प्रश्नाला पाच-सहा सेकंद नुसता पाला सळसळतो, आणि मग उत्तर येतं, त्याच आवाजात, पण उसाच्या दुसऱ्या बाजूनं. नवरीनं लगेच वळायचं नाही. आपण काय ऐकलं हे तिला कळायला दोन सेकंद द्या. मग टॉर्च बंद करायची का चालू ठेवायची, हे तिनं ठरवायचं. हा अख्खा सीन एका शॉटमध्ये होतो, दोन बायका एकमेकींशी बोलतात, आणि अंग कुणाचंही दिसत नाही. उशीर एडिटमध्ये करता यावा म्हणून मैत्रिणीची वाक्यं वेगळी रेकॉर्ड करून ठेवा. उसाच्या पाल्याचा नुसता आवाजही दोन-तीन मिनिटं सलग घ्या. पाला हाताला कापतो, म्हणून उसात शिरणाऱ्याला पूर्ण बाह्या आणि पायात बूट पाहिजेतच. सापाचं वेगळं सांगायला नको.

कॅमेऱ्याची चाचणी एकच आणि सोपी आहे. नवरीसाठी लावलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये मोबाइलवर नवऱ्याचा फोटो काढा. तोच कोन, तीच उंची, तेवढंच अंतर. भीतीचा शॉट असेल तर त्याच्यावरही भीतीदायक दिसेल. तो बघून हशा पिकला, तर तो शॉट अंगाचा होता. खिडकीच्या फटीतून बाई कपडे बदलताना बघणारा कॅमेरा या चाचणीत हमखास नापास होतो, कारण तिथं प्रेक्षकाला खुन्याच्या डोळ्यांत बसवलेलं असतं आणि भीतीच्या जागी चाळा येतो. तुमच्या लोकेशनवर याहून चांगली जागा तयारच आहे: चुलवाणाचं तोंड. ते काहिलीच्या खाली असतं. हडळ तिथं काम करायची म्हटल्यावर तिची नजरही तिथूनच वर बघणार. लेन्स जमिनीपासून दीड-दोन फुटांवर ठेवा, वर काहिलीच्या कडेला उभा नवरा. हा खालचा कोन तिच्या कामातून आलाय. तोच नवरीच्या पायांवर वापरलात तर परत मूळपदावर.

तिथं एक धोका आहे. गुळाचा पाक उतरवताना ११५ अंश सेल्सिअसच्या वर असतो आणि कातडीला चिकटतो. चालू काहिलीच्या आसपास नटांना फिरवू नका. धग आणि वाफ वेगळी शूट करा, नट थंड काहिलीशी. वाळलेलं चिपाड ठिणगीनं पेटतं, म्हणून गरम होणारे हॅलोजन नकोत, एलईडी पॅनेल घ्या आणि पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा.

अंगात येण्याच्या प्रसंगात सगळ्यात जास्त स्क्रिप्टं फसतात. केस मोकळे, डोळे फिरवलेले, पुरुषी घोगरा आवाज आणि शिव्या, हे इतकं झालंय की लोक मोबाइल काढतात. खरं तर अंगात येणं ही आपल्याकडं बाईला मोठ्यानं बोलायची मोजकी मुभा आहे. एरवी ज्या सुनेला कुणी विचारत नाही, ती घुमायला लागली की तिच्यापुढं अख्खं घर हात जोडून उभं राहतं. ही मुभा वापरा. नवरीच्या तोंडून हडळ नेमकं बोलेल: तारीख, आठवडे, मजुरीचा दर, किती दिले, किती राहिले. शांत आवाजात हिशेब सांगणारी नवरी शिव्या देणारीपेक्षा जास्त अंगावर येते, कारण तिला ही माहिती असण्याचं काही कारणच नाही. आवाज तिचाच ठेवा. १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट'मधला तो भयंकर आवाजसुद्धा मर्सिडीज मॅककेंब्रिज या अभिनेत्रीचा होता. साधी युक्ती: तीच वाक्यं दोनदा घ्या, एकदा नेहमीच्या अंतरावरून, एकदा माइक तोंडापासून सात-आठ सेंटिमीटरवर धरून कुजबुजत. कुजबुजीचा ट्रॅक मूळ आवाजाखाली सहा ते आठ डेसिबल कमी ठेवा आणि किंचित आधी सुरू करा.

सासू आणि भंडारा पूर्ण काढून टाका, असं सुचवेन. एक तर सगळं माहीत असलेली म्हातारी शेवटपर्यंत गप्प का बसते, याला उत्तर नाही. ती फक्त लेखकाची सोय आहे. दुसरं, भंडारा टाकून सुटका झाली की मजुरीचा प्रश्न हवेत विरतो. सासू ठेवायचीच असेल तर ती त्या रात्री काहिलीजवळ होती आणि गप्प राहिली, असं करा. मग तिलाही घाबरायला कारण मिळेल. आपल्या भागातल्या स्क्रिप्टांत आणखी एक सवय दिसते: वातावरणनिर्मितीसाठी कोपऱ्यात एखादी जट वाढलेली जोगतीण उभी करायची, किंवा तृतीयपंथी जोगत्याला दचकवायला वापरायचं. यल्लम्माच्या दर्शनाला सौंदत्तीला जाणारी ही माणसं कोल्हापुरात महाद्वार रोडवर रोज दिसतात. त्यांचं दिसणं म्हणजेच भय, असं पडद्यावर मांडू नका. बाईकडं संशयानं बघण्याचे परिणाम खरे असतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रानं जनावरांचं दूध आटवते असा संशय पसरवणं हे स्वतंत्र कलम आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हे कलम घालावं लागलं, कारण अशा संशयाला बळी पडणारी माणसं गावोगाव आहेत, आणि त्यात एकट्या, वयस्कर बायका कमी नाहीत.

हडळीचा पोशाख. पांढरी साडी आणि मेणबत्ती हे चित्र हिंदी पडद्यावर 'महल' (१९४९) आणि 'वो कौन थी' (१९६४) यांनी ठसवलं. गंमत अशी की दोन्हीकडं ती बाई शेवटी जिवंत निघते. तुमची हडळ कामकरी आहे. उसात आणि गुऱ्हाळावर काम करणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात, डोक्याला फडकं बांधतात. तेच द्या. अंधारात आधी शर्ट दिसल्यावर प्रेक्षकाला तो पुरुष वाटेल, मग खाली साडीचा काठ दिसेल. हा एक दचका फुकट मिळाला. साडी-शर्टाचे एकसारखे तीन जोड ठेवा: कोरडा, मळलेला, पाक सांडलेला. चेहरा काळा करू नका. सावळा रंग म्हणजे भूत, हा साचा वेगळा सांगायची गरज नसावी. भाजलेला चेहराही दाखवू नका. स्टोव्हच्या भडक्यात 'अपघातानं' भाजलेल्या सुना आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या मुली या राज्यात जगताहेत, आणि त्यांचा चेहरा हा कुणाचा दचका नाही. हात दाखवा. मळी काढताना फिरतो तसा, एकाच लयीत फिरणारा हात. लॅटेक्स वापरणार असाल तर २४ तास आधी कानामागं लावून बघा.

उसामुळं तुमची तुलना 'लपाछपी'शी (२०१७) होणार, त्याची तयारी ठेवा. त्यात गरोदर नायिका उसातल्या घरात अडकते आणि खरं भय मुलगी नको असलेल्या माणसांचं निघतं. म्हणून तुमच्या कथेत गर्भ, बाळ, पाळणा काही आणू नका. तुमच्याकडं वही आहे.

नकार दिलेल्या मुलीशी बोलताना एकच पथ्य: मन वळवायला जाऊ नका. "सीन बदललाय, नवीन पानं वाच आणि सांग," एवढंच. ती आधी हो म्हणून नंतर नाही म्हणाली तरी ते नाहीच धरायचं. रात्रीच्या शूटिंगला कपडे बदलायला कडी असलेली खोली, जवळच्या घरातला संडास आधी बोलून ठेवलेला, आणि पॅकअपनंतर मुलींना दारापर्यंत सोडणारी गाडी, ही तिन्ही कॉलशीटवर (शूटिंगच्या दिवसाच्या वेळापत्रकावर) लिहा. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीचा नंबरही तिथंच टाका. स्पर्शाचा किंवा झटापटीचा सीन दिवसा, सावकाश, मोजून बसवा आणि चित्रित करताना पाच माणसांपेक्षा जास्त नकोत, बाकीच्यांचे मोबाइल डब्यात. फुटेजची एकच प्रत एकाच हार्डडिस्कवर, आणि 'बिहाइंड द सीन्स' रील टाकण्याआधी जी त्यात दिसते तिला विचारून.

कच्चं एडिट झालं की आठ-दहा जणांना दाखवा, निम्म्या बायका, त्यातल्या दोघी तरी चाळिशीच्या पुढच्या. तुम्ही मागं बसा आणि बोलू नका. कोण कितव्या मिनिटाला हसलं, कुणी मान फिरवली, कुणी मोबाइल काढला, ते टिपा. नंतर दोनच प्रश्न: कुणासाठी जीव वर-खाली झाला, आणि कुणाची भीती वाटली? पहिल्याचं उत्तर 'नवरी' आणि दुसऱ्याचं 'नवरा' असं यायला लागलं की एडिट लॉक करा. दुसऱ्याला नुसतं 'हडळ' आलं, तर वहीचे शॉट्स कमी पडलेत.

पोस्टरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण या टप्प्यावर हमखास माती होते. सगळा चित्रपट सुधारतो आणि पोस्टरवर पाठमोरी, ओल्या केसांची बाई येऊन बसते. थंड काहिलीच्या काठावर ठेवलेली उघडी वही आणि पानावर पाकाचा अंगठा, एवढा फोटो पुरेल. तो शूटिंगच्या पहिल्याच दिवशी, उजेड असताना काढून घ्या. शेवटच्या रात्री कुणाच्या अंगात त्राण राहत नाही.